व्यायामात शिकण्यासारखं काय असतं? अमळनेरला शिकवून गेलेल्या स्वामी कुवलयानंदांची गोष्ट

रात्रीच्या लाईटीवर पाणी भरून पहाटे वावरातून घरी परतताना रस्त्यावर हमखास भेटतात ती पळणारी पोरं. कोणाच्या पायात चांगले बूट, कोणाच्या पायात फाटके, कोणी अनवाणी. सगळ्यांच्या डोक्यात एकच, पोलीस भरतीचे १६०० मीटर. यातल्याच एखाद्या पोराने घरी सांगून पाहावं, की पदवी झाली की मी बी.पी.एड. करतो, मग एम.पी.एड. करतो, व्यायामाचं शास्त्र शिकतो. घरचा पहिला सवाल ठरलेला असतो. व्यायामात शिकण्यासारखं काय असतं? आजोबा जोर-बैठका मारायचे, ते कुठल्या कॉलेजात गेले होते?

सवाल चुकीचा नाही. पैसा बापाचा जातो, वर्षं पोराची जातात. पण या सवालाचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात काही वर्षं राहून गेलेल्या एका मास्तराने आयुष्यभर खपून देऊन ठेवलं आहे. त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतं. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक म्हणून त्यांचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. ते अमळनेरला शिकवत होते, हे मात्र अमळनेरातही सगळ्यांना ठाऊक नाही.

दाभोईचं गरीब पोर

जगन्नाथचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा. गाव दाभोई, तेव्हाच्या बडोदा संस्थानातलं. घर मराठी, वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक, आई सरस्वतीबाई. शिक्षकाचं घर म्हणून खाऊन-पिऊन सुखी असेल असं वाटेल, पण तसं नव्हतं. काही काळ तर लोकांच्या मदतीवर घर चाललं. अशा घरातल्या पोराला शिकायचं तर हुशारीवरच शिकावं लागतं.

हुशारी होती. १९०३ साली मॅट्रिक झाला तेव्हा संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याला मिळाली. तेव्हा ही शिष्यवृत्ती मिळणं म्हणजे मोठा मान होता. तिच्या बळावर तो बडोदा कॉलेजात गेला आणि १९१० साली पदवीधर झाला. त्याच कॉलेजात १९०६ पर्यंत अरविंद घोष शिकवायला होते, तेच पुढचे योगी अरविंद. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने तर सगळा महाराष्ट्रच पेटलेला होता. या दोघांचा परिणाम या तरुणावर झाला. लग्न करायचं नाही, आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं, असं त्याने ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

माणिकरावांच्या आखाड्यात

बडोद्यात जुम्मादादांची व्यायामशाळा होती. ती चालवायचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव. कुस्ती, लाठी, मल्लखांब हे तर तिथे होतंच, शिवाय माणिकराव हाडवैद्य म्हणूनही नावाजलेले होते. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं गुणे त्यांच्या हाताखाली तयार झाले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. गावात पैलवान वेगळा आणि पुस्तकातला पोरगा वेगळा अशीच वाटणी असते. तालमीतला वाचत नाही आणि वाचणारा तालमीत जात नाही. गुणे मात्र सकाळी आखाड्यात घाम गाळत होते आणि दिवसा संस्कृत वाचत होते. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या दुहेरी शिक्षणात आहे. अंगाने केल्याशिवाय बोलायचं नाही आणि पुरावा असल्याशिवाय सांगायचं नाही, अशी सवय त्यांना लागली.

अमळनेरची वर्षं

शिक्षण संपल्यावर त्यांना कळून चुकलं, की खेड्यापाड्यातली माणसं अडाणी आणि अंधश्रद्धेत अडकलेली राहिली तर नुसत्या भाषणांनी देश उभा राहणार नाही. म्हणून ते शिक्षणाच्या कामात पडले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९१६ साली ते अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

अमळनेर तेव्हा नुसतं तालुक्याचं गाव नव्हतं. प्रताप शेठजींची गिरणी होती आणि त्यांच्या दातृत्वामुळे तत्त्वज्ञान मंदिरासारखी संस्था याच १९१६ च्या सुमाराला उभी राहत होती. गुणे गेल्यावर थोड्याच दिवसांत, १९२४ साली, साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिकवायला आले. मास्तरांच्या बाबतीत हे गाव नशिबवान म्हणायचं.

राष्ट्रीय महाविद्यालय मात्र टिकलं नाही. तिथलं देशप्रेमाचं वारं इंग्रज सरकारला खपलं नाही आणि १९२० साली ते बंद पाडलं गेलं. आपण उभं केलेलं काम डोळ्यांसमोर मोडलं की माणूस एक तर खचतो, नाही तर दुसरी वाट धरतो. गुण्यांची दुसरी वाट त्याआधीच सुरू झाली होती.

मालसरचे महाराज आणि दवाखान्यातलं यंत्र

१९१९ साली त्यांची भेट परमहंस माधवदास महाराजांशी झाली. महाराज मूळचे बंगालचे. फिरत फिरत बडोद्याजवळ नर्मदाकाठी मालसरला येऊन राहिले होते. वय खूप झालेलं होतं. त्यांच्याकडे गुणे योग शिकले, आसनं, प्राणायाम आणि शरीर आतून धुण्याच्या जुन्या क्रिया. १९२१ साली महाराज गेले. सहवास थोडाच मिळाला, पण तो पुरला.

दुसरा एखादा असता तर गुरूने दिलेलं डोळे मिटून घेतलं असतं आणि तेच पुढे सांगत बसला असता. गुण्यांना फरक जाणवत होता, पण तो कशामुळे पडतो हे कळत नव्हतं. पोथीत लिहिलंय म्हणून मान्य करायचं, हे त्यांना पटेना. इंग्रजी शिकलेले लोक हसतात म्हणून सोडून द्यायचं, हेही पटेना. मग १९२०-२१ मध्ये ते बडोद्याच्या दवाखान्यात गेले. आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उड्डियान आणि नौली या दोन क्रियांची तपासणी सुरू केली. क्ष-किरणांचं यंत्र, म्हणजे आपल्या भाषेत एक्स-रे, तेव्हा नवंच होतं. पोट आत ओढल्यावर आतले अवयव कुठे सरकतात, हे त्यांना बघायचं होतं.

योगाला प्रयोगशाळेत नेणारे ते जगातल्या पहिल्या काही माणसांपैकी एक. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. गावात वीज नव्हती, मोटार दिसली तर पोरं मागे धावायची, त्या काळातली.

लोणावळा, १९२४

१९२४ साली लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं. आश्रम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर धुनी, भजन आणि पंगत येते. इथे आश्रमाच्या जोडीला प्रयोगशाळा होती. त्याच वर्षी त्यांनी योग-मीमांसा नावाचं इंग्रजी नियतकालिक काढलं. त्यात एका बाजूला प्रयोगांचे आकडे आणि फोटो, दुसऱ्या बाजूला साध्या माणसाला करता येतील अशी आसनं. आपण काय मोजलं, कसं मोजलं आणि किती जणांवर मोजलं, हे छापून टाकायचं, म्हणजे कोणालाही तपासता येईल, अशी ती रीत होती.

त्यांनी नेमकं काय शोधलं ते एका उदाहरणाने सांगतो. बस्ती नावाची जुनी क्रिया आहे. त्यात साधक बेंबीइतक्या पाण्यात बसतो, गुदद्वारात नळी असते आणि कुठलाही पंप नसताना पाणी आतड्यात वर चढतं. पाणी उतारानेच वाहतं हे आपल्याला शेतात रोज दिसतं. मग इथे ते वर कसं चढतं? काहींना ती सिद्धी वाटे, काहींना थाप.

कुवलयानंदांनी आतला दाब मोजला. श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढलं आणि मग पोटाचे मधले स्नायू खांबासारखे पुढे काढले, म्हणजे नौली केली, की आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं पाऱ्याच्या मापाने दिसलं. दाब कमी झाला की पाणी आपोआप ओढलं जातं. विहिरीवरचा सक्शन पाईप पाणी ओढतो, त्यातलंच हे तत्त्व. ना चमत्कार, ना थाप. या कमी दाबाला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, माधवदास निर्वात. गुरूचं ऋण असंही फेडता येतं.

आपल्याच बाजूला न जाणारा निकाल

माणूस खरा अभ्यासक आहे का, हे कळतं ते निकाल मनासारखा लागला नाही तेव्हा. प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, हे तेव्हाही लोक सांगायचे, आजही मोबाईलवरच्या दर दुसऱ्या व्हिडिओत सांगतात. कुवलयानंद स्वतः प्राणायाम शिकवणारे होते. हे वाक्य तसंच चालू दिलं असतं तर त्यांचा फायदाच होता. पण त्यांनी श्वासातला वायू तपासला आणि उलट सांगितलं. प्राणायामाची किंमत जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये शोधू नका, असं त्यांचं मत होतं. श्वास लांब झाला तरी मिनिटाला श्वासांची संख्या घटते, मग जास्तीचा हिशेब जुळत नाही. प्राणायामाचा उपयोग मज्जासंस्थेवर आणि आतल्या दाबाच्या बदलांवर आहे, असं ते मांडत.

हे समजायला आपल्याला आज सोपं आहे. कोरोनात सगळ्यांनी बोटाला लावायचं ते छोटं यंत्र बघितलं. धडधाकट माणसाचा आकडा ९५ च्या वरच असतो. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार?

शीर्षासन, सर्वांगासन यांत डोकं खाली, पाय वर. अशाने रक्तदाब धोक्याइतका वाढतो का, ही भीती तेव्हाही होती. त्यांनी आसनात असलेल्या माणसांचा रक्तदाब मोजला आणि सराव असलेल्या निरोगी माणसांत ही वाढ मर्यादित असते, असं नोंदवलं. सराव असलेल्या आणि निरोगी, हे दोन शब्द महत्त्वाचे. आधीच बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाने व्हिडिओ बघून डोक्यावर उभं राहावं, असा त्याचा अर्थ नाही.

आजच्या मापाने त्यांचे प्रयोग लहान होते, हेही खरं. थोडी माणसं, साधी यंत्रं. पण वाट त्यांनी पाडली. पुढच्यांनी ती रुंद केली, कुठे कुठे वळवलीही. के. टी. बेहनान नावाचा केरळचा तरुण अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकत होता. तो १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्याला येऊन कुवलयानंदांकडे शिकला आणि परत जाऊन त्याने स्वतःवर मोजमापं केली. त्याला काही प्राणायामांत शरीर ऑक्सिजन जास्त वापरतं असं दिसलं. त्याचं पुस्तक १९३७ साली निघालं. गुरू-शिष्यांचे आकडे जुळले नाहीत म्हणून कोणी कोणाचा अपमान मानला नाही. वाद आकड्यांचा होता.

१९५७ साली वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले दोन संशोधक योग्यांची तपासणी करायला भारतात आले, तेव्हा त्यांच्या कामाला कैवल्यधामचं दार उघडं होतं. योगी हृदय बंद करतात, अशी ख्याती होती. ईसीजीच्या कागदावर दिसलं, की नाडी हाताला लागेनाशी होते तेव्हाही हृदय चालूच असतं. श्वास रोखून छाती-पोट आवळलं की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, म्हणून नाडी लागत नाही. योगाच्या घरातच योगाची ख्याती तपासू द्यायला मोठं मन लागतं.

शाळेच्या मैदानापर्यंत

हे सगळं प्रयोगशाळेतच ठेवायचं असतं तर त्यांचं नाव चार विद्वानांपुढे गेलं नसतं. त्यांच्यातला अमळनेरचा मास्तर मात्र जिवंत होता. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवर त्यांनी काम केलं. शाळेत पन्नास-साठ पोरं एका मैदानावर, मास्तर एकच, वेळ अर्धा तास, अशा ठिकाणी योग कसा शिकवायचा? त्यासाठी त्यांनी यौगिक संघ व्यायाम बसवला. हुकुमावर, एका तालात, सगळ्यांनी मिळून करायची आसनं. माणिकरावांच्या आखाड्यात घालवलेली तीन वर्षं इथे कामाला आली. आज २१ जूनला शाळेच्या पटांगणात पोरं रांगेत आसनं करतात, त्याची एक मुळी त्या कामापर्यंत जाते.

मुंबईत १९३२ साली शाखा निघाली. पुढे १९३६ साली चौपाटीजवळ मरीन ड्राईव्हला आरोग्यकेंद्र उभं राहिलं. महात्मा गांधींनी १९२७ साली तब्येत बिघडल्यावर त्यांच्याशी पत्रव्यवहार करून आसनांचा सल्ला घेतला होता. मोठी माणसं येत राहिली, पण त्यांना काळजी वेगळीच होती. आपल्यामागे हे काम कोण करणार?

म्हणून १९५१ साली लोणावळ्याला गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने योगाचं महाविद्यालय सुरू झालं. योग शिकवणारा माणूस नुसता अंग वळवणारा नसावा. त्याला शरीररचना, शरीरक्रिया, मन आणि जुने ग्रंथ यांची जाण असावी, अशी त्यामागची दृष्टी होती. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला योगोपचाराचं रुग्णालयही उभं राहिलं. जुन्या पोथ्यांच्या प्रती जमवून, पाठ ताडून छापायचं कामही चालूच होतं. एका हातात पोथी, दुसऱ्या हातात मोजपट्टी, अशीच त्यांची चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी गेले. वय ८२. मागे बायको-पोरं नाहीत, इस्टेट नाही. एक संस्था, एक नियतकालिक आणि शिकवून तयार केलेली माणसं. २०१९ साली भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. २०२४ साली कैवल्यधामला शंभर वर्षं झाली. योग-मीमांसा आजही निघतं.

आता आपल्या पोराचं

परत त्या पहाटेच्या रस्त्यावर येऊ. पळणाऱ्या पोरांना गुडघेदुखी का होते? एकाच दिवशी दम काढून दुसऱ्या दिवशी का पळवत नाही? १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत पाय दगडासारखे का होतात? भरतीला महिना राहिला असताना सराव वाढवायचा की कमी करायचा? पोरं हे एकमेकांना विचारतात, नाही तर मोबाईलला विचारतात. मोबाईल जो सांगतो त्यात खरं किती आणि पावडरीची जाहिरात किती, हे ओळखणारा माणूस गावात नसतो.

एम.पी.एड. सारख्या अभ्यासात हेच शिकवतात. शरीर कसं चालतं, सांध्यावर भार कसा येतो, सराव किती आणि विश्रांती किती, खेळाडूचं मन कसं सांभाळायचं, चाचणी कशी घ्यायची आणि आकडे कसे वाचायचे. नीट मन लावून केला तर त्यातून हाताला चांगली विद्या लागते. नुसता कागद मिळवण्यासाठी केला तर कुठल्याही पदवीसारखाच तो भिंतीवर लटकतो. नोकऱ्या थोड्या आहेत, हेही पोराने घरात खरं सांगितलं पाहिजे, आणि बापानेही कॉलेज निवडताना तिथे मैदान आहे का, शिकवणारे आहेत का, प्रयोगाची साधनं आहेत का, हे स्वतः जाऊन बघितलं पाहिजे.

पण व्यायामात शिकण्यासारखं काय असतं, हा सवाल घरात निघालाच तर पोराने गप्प बसू नये. शंभर वर्षांपूर्वी अमळनेरच्या एका मास्तरालाही हाच प्रश्न पडला होता, एवढं सांगावं. आजोबांच्या जोर-बैठका खऱ्याच होत्या. त्या कशामुळे खऱ्या होत्या, एवढंच शोधायचं त्या मास्तराने मनावर घेतलं आणि त्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं.